बिबट्याने जांभई दिली नव्हती

सगळ्यात आधी हे सांगून मोकळी होते. बिबट्याने जांभई दिली नव्हती.

घरी कुणीही चहाला आलं की दुसऱ्या घोटाला आमचे हे ती गोष्ट काढतात. तिच्यात बिबट्या रस्त्याच्या कठड्यावर ऐसपैस बसलेला असतो, आमच्याकडे बघतो, निवांत जांभई देतो, आणि त्याचे सुळे चांदण्यात चमकतात. यातला कठडा खरा आहे. चांदणंही खरं, कारण त्या रात्री कोजागिरी होती. सुळे मात्र ह्यांनी घरी येऊन बसवले. त्या वेळी ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि समोरच्या बसचा नंबर वाचायलाही मी लागायचे.

मोतीबिंदूचं थोडं सांगायला हवं, कारण तो नसता तर त्या रात्री स्टिअरिंगवर मी नसते. लग्नानंतरची वीसेक वर्षं गाडी ह्यांनी चालवली. मी डावीकडे बसून चिवड्याचा डबा, टोलचे सुटे पैसे आणि पत्ता सांभाळला. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी ड्रायव्हिंग शिकले ते सुद्धा दिवसा, भाजी आणि बँक एवढ्यापुरतं. मग ह्यांना समोरच्या गाडीचा दिवा झेंडूच्या फुलाएवढा दिसायला लागला, कडेने पाकळ्या फुटलेला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाका, हल्ली पिकायची वाट बघत नाहीत. पण ह्यांच्या मनात आंबा आणि मोतीबिंदू एकाच आढीत होते. तेव्हा रात्रीची गाडी माझ्याकडे आली, आणि डावीकडच्या सीटवर पायाखाली नसलेला ब्रेक दाबत बसणारा माणूसही.

“डावीकडून बाईक.”

“दिसली.”

“सिग्नल.”

“अहो, हिरवा आहे.”

“म्हणूनच सांगतोय.”

त्या वर्षी कोजागिरीला आम्ही मुलुंडला वन्संकडे गेलो होतो. त्यांची गच्ची मोठी, आणि माणसं जमवायची हौस त्याहून मोठी. दूध आटवायला चार तास, ते प्यायला चार मिनिटं, आणि मधल्या वेळात गाण्याच्या भेंड्या. वन्संचे दीर 'ठ' आला की दरवर्षी भांडतात, तसे भांडले. मध्यरात्री चंद्र डोक्यावर आल्यावर आजेसासूबाईंच्या वेळेपासून चालत आलेला प्रश्न कुणीतरी विचारलाच: को जागर्ति? कोण जागं आहे? लक्ष्मी आज घरोघर फिरून विचारते म्हणे. आमच्यातले निम्मे तोवर पेंगत होते. निघताना वन्संनी उरलेला मसालेभात डब्यात भरून दिला. हा डबा लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

एक वाजून गेला होता. मुलुंडहून गोरेगावला यायचं म्हणजे पूर्व द्रुतगती महामार्गाने कांजूरपर्यंत खाली यायचं, मग जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, पवई, आणि फिल्टरपाड्यावरून आरेत शिरायचं. दिवसा या प्रवासात माणूस म्हातारा होतो. रात्री मात्र तो मिनिटांत संपतो.

महामार्गावर दक्षिणेकडे येताना डाव्या हाताला बरंच अंतर मिठागरं आणि खारफुटी आहे. तिथेच कुठेतरी, भांडुपच्या पुढे, हे म्हणाले, “कुत्रा बघ, मध्ये येईल.” मी वेग कमी केला. कुत्रा दुभाजकाकडे न येता कडेकडेने दुडक्या चालीने चालला होता. अंग भुरकट, पाय काटकुळे, तोंड निमुळतं, आणि शेपूट झुपकेदार, टोकाला काळी. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांच्या शेपट्या वर वळलेल्या असतात. ही खाली लोंबत होती. आम्ही बरोबरीला आलो तसं त्याने मान वळवून एकदा पाहिलं आणि कठड्याच्या फटीतून खाली खारफुटीत नाहीसा झाला.

“अहो, तो कोल्हा होता.”

“मुंबईत कोल्हा? हायवेवर?”

पण होताच. विक्रोळी, भांडुप, मुलुंड या खाडीकडच्या पट्ट्यातल्या खारफुटीत कोल्हे राहतात. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात विहिरीत पडलेला एक जण बाहेर काढल्याची बातमी मी पूर्वी वाचली होती. खेकडे, मासे, उंदीर, आणि आपण टाकलेला कचरा, असं त्यांचं जेवण. लहानपणी रत्नागिरीला आजोळी कोल्हेकुई ऐकली की आजी दाराची कडी पुन्हा एकदा बघायची. गोष्टीतला कोल्हा मला तेव्हापासून पाठ होता, लबाड, द्राक्षं आंबट म्हणणारा. खरा पहिल्यांदा पाहिला तो बावन्नाव्या वर्षी, तोही विजेच्या खांबाखाली, एखाद्या रात्रपाळीच्या कामगारासारखा खाली मान घालून कामावर निघालेला.

पवईपर्यंत हे गप्प होते. मग म्हणाले, “मला कुत्राच दिसला.” चिडून नव्हे, हिशोब लागत नाही तेव्हा बोलतात तसं.

आरेत शिरलं की आमचा एक जुना नेम आहे: एसी बंद, काचा खाली. तिथली हवा खरंच निराळी लागते, दोन-तीन अंशांनी थंड, शेणाचा आणि ओल्या गवताचा वास असलेली. मुंबईतले म्हशींचे तबेले शहराबाहेर न्यायचे म्हणून १९४९ साली ही दूध वसाहत झाली. तेव्हा गोरेगाव बाहेर होतं. आता शहर आरेला वळसा घालून पार पुढे गेलंय आणि मध्ये हे हिरवं बेट राहिलंय, मागच्या बाजूने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगलाला चिकटलेलं. कुंपणं आहेत, पाट्या आहेत. पण त्या वाचता येणाऱ्यांसाठी.

रस्त्याला दिवे विरळ. चांदणं इतकं लख्ख की झाडांच्या सावल्या डांबरावर स्पष्ट पडल्या होत्या. एका वळणानंतर रस्त्याच्या मधोमध वाळकं पान पडल्यासारखं काहीतरी दिसलं. दिव्याच्या झोतात त्या पानाला निखाऱ्यासारखा एक डोळा लागला. मी ब्रेक दाबला. पान उडालं, आवाज न करता, आणि चार हातांवर पुन्हा रस्त्यावरच बसलं.

“काय गं?”

“रातवा.” हे नाव मला ठाऊक होतं ते बँकेतल्या एका सहकाऱ्यामुळे. त्याला पक्ष्यांचं वेड होतं आणि लंच टाइममध्ये तो आम्हाला फोटो दाखवून छळायचा. रातवा दिवसभर जमिनीवर पाचोळ्यात पाचोळा होऊन बसतो आणि रात्री रस्त्यावर येतो. मोकळ्या जागेतून वर उडणारे किडे त्याला टिपायचे असतात. त्यापायी कितीतरी रातवे चाकाखाली येतात. हा पुन्हा उठला, पुन्हा थोडं पुढे बसला. तीनदा. आम्ही त्याच्या मागे बैलगाडीच्या वेगाने चाललो होतो. हे चक्क काही बोलले नाहीत. एरवी वीसच्या खाली काटा गेला की “गाडी बंद पडेल” असतं.

आणि मग ते म्हणाले, “भाताचा वास येतोय.”

“मागे डबा आहे.”

“तो नाही. बाहेरून. आंबेमोहोर शिजतोय कुठेतरी.”

रात्री पावणेदोनला आरेत आंबेमोहोर कोण शिजवणार? मी हसले. हसत असतानाच पुढच्या वळणावर दिव्यांचा झोत डावीकडच्या कठड्यावर गेला आणि माझं हसू तिथेच राहिलं.

तो बसला होता. मांजर खिडकीत बसतं तसा, पुढचे पाय अंगाखाली घेऊन, शेपूट कठड्यावरून खाली सोडून. आकाराची माझी कल्पना टीव्हीमुळे बिघडलेली होती. मला वाटायचं बिबट्या म्हणजे भलामोठा. हा मोठ्या कुत्र्याहून फार मोठा नव्हता. पण त्याच्या बसण्यात वजन होतं. अंगावरचे ठिपके एकेकटे नव्हते, पाच-सहा बोटं एकत्र टेकवून उठवलेल्या ठशासारखे होते. डोळे हिरवट पिवळे पेटलेले.

माझा पाय ब्रेकवर गेला होता हे मला गाडी थांबल्यावर कळलं. इंजिन चालूच. मधलं अंतर आमच्या हॉलच्या लांबीएवढं.

“अगं, थांबलीस का?”

“बिबट्या.”

“कुठे?”

“समोर. डावीकडे. कठड्यावर.”

ह्यांनी चष्मा पुसला, जो पुसून काही उपयोग नव्हता. “मला दोन दिवे दिसतायत,” ते म्हणाले. “झेंडूची दोन फुलं.”

“ते त्याचे डोळे आहेत.”

लग्नाच्या सव्वीस वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते मग झालं. ते माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, “काय करतोय? सांग ना.”

मी सांगायला लागले. बसलाय. इकडेच बघतोय. आता मान वळवली. कान हलवला, उजवा. पाठीवर ठिपके आहेत, पोटाकडे पांढरा होत गेलाय. मिशा दिसतायत. शेपटीचं टोक वर वळवलंय, ते खालून पांढरं आहे. क्रिकेटची कॉमेंट्री करावी तसं, पण कुजबुजत. हे मान डोलावत होते. मध्येच “रंग?” विचारलं. मी म्हटलं, पोळीला तूप लावून भाजल्यावर होतो तसा. यावर त्यांचं समाधान झालं.

मागून उजेड आला. एक स्कूटर. हाताने थांब म्हणायचं की नाही या विचारात मी असतानाच पोरगा शेजारी येऊन थांबला, पाठीवर खाण्याच्या ऑर्डरींची चौकोनी बॅग.

“काय झालं आंटी, बंद पडली?”

मी फक्त बोट दाखवलं. त्याने पाहिलं आणि चावी फिरवून स्कूटर बंद केली. मग बहुधा हे शहाणपणाचं नव्हे असं वाटून पुन्हा सुरू केली. हँडल धरलेले त्याचे हात मला दिसत होते. आम्हाला काचा होत्या. त्या मी अजून वर केल्या नव्हत्या, हे लक्षात आलं तेव्हा बटणाचा आवाजही नको वाटला.

बिबट्या उठला. घाईने नव्हे. अंग ताणलं, पुढून, मग मागून. (इथे ह्यांची जांभई येते. ताणलं एवढंच मी म्हटलं होतं.) कठड्यावरून रस्त्यावर उतरला आणि आमच्या दिव्यांच्या झोतातून आडवा चालत गेला. पाऊल टाकताना खांद्याची हाडं वर-खाली होत होती. आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पलीकडे उंच गवत होतं, भाद्रपदात वाढलेलं आणि अजून न वाळलेलं. तो त्यात शिरला तेव्हा गवत हललं, एवढंच.

पोरगा म्हणाला, “शेवटची ऑर्डर टाकून घरी चाललो होतो. गोरेगावला. तुम्ही हळू जा, मी चिकटून येतो.” मी म्हटलं, तू पुढे हो, मी मागून दिवा दाखवते. त्याला पुढे होणं काही पटलं नाही. शेवटी आम्ही शेजारी-शेजारी आलो, माझ्या खिडकीला त्याचं हँडल, पार हायवेच्या नाक्यापर्यंत. तिथल्या दिव्याखाली त्याने हेल्मेट काढलं. वीस-एकवीस वर्षांचा असेल. मी त्याला मसालेभाताचा डबा दिला. घेतला त्याने. डबा परत आला नाही, हे वन्संना अजून कळलेलं नाही.

आरेतल्या एका पाड्यावरच्या मावशी आमच्याकडे पोळ्यांना येतात. सकाळी त्यांना मी उत्साहाने सगळं सांगितलं. कणीक मळता मळता त्या म्हणाल्या, “हां. असतो तो.” बस. मग थोड्या वेळाने: “मागच्या महिन्यात आमच्या शेजारचा कुत्रा नेला.” पाड्यावर अंधार पडल्यावर लेकरांना एकटं सोडत नाहीत. रात्री बाहेर जायचं तर दोघी-तिघी मिळून, बॅटरी घेऊन, मोठमोठ्याने बोलत जायचं. वाघोबाचं ठाणं आहे, तिथे वाघबारशीला नैवेद्य दाखवतात. ती येते आपल्या वसुबारसेलाच, कोजागिरीनंतर बाराव्या दिवशी. त्या तिथीला मी गाय-वासराची रांगोळी काढते आणि दोन किलोमीटरवर मावशींचे लोक वाघाची पूजा करतात. इतकी वर्षं त्या सुट्टी घ्यायच्या ती वसुबारसेची, अशी माझी समजूत होती.

त्या सकाळी मला माझ्या उत्साहाची जराशी लाज वाटली. गाडीतून बिबट्या सुंदर दिसतो, कारण गाडी आहे. २०२१ च्या पावसाळ्याअखेर आरेत माणसांवर एकामागून एक हल्ले झाले. घराच्या पायरीवर बसलेल्या एका वयस्क बाईंनी हातातल्या काठीने बिबट्याला परतवलं, ते सीसीटीव्हीत आलं आणि सगळ्यांनी एकमेकांना पाठवलं, मीही. पुढच्या वर्षी, ऐन दिवाळीत, आरेतच एक तान्ही मुलगी गेली. ते कुणी कुणाला पाठवलं नाही. मावशींनी दोन्ही सांगितलं, एकाच आवाजात. राग नव्हता, पण आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतं तसलं “सहजीवन” वगैरेही नव्हतं. घरामागचा दिवा महिनाभर बंद आहे, कुणी बघत नाही, कचरा उचलत नाहीत म्हणून कुत्री वाढली, आणि कुत्री आली की त्यांच्यामागे तो येतोच, हे त्यांनी सांगितलं. मला वाटतं त्यांनी जे सांगितलं त्यातच सगळं आलं.

ह्यांनी मात्र वाचायला घेतलं. नीट दिसत नसताना, फोनवर अक्षरं बोराएवढी करून. जेवताना एकेक माहिती पडायची. २०१८ च्या पाहणीत राष्ट्रीय उद्यान आणि आसपास ४७ बिबटे मोजले गेले, कॅमेऱ्यांनी फोटो काढून, ठिपक्यांवरून एकेकाला ओळखून. डोळे पेटतात कारण पडद्यामागे आरशासारखा थर असतो, आत शिरलेला उजेड तो परत फेकतो, आपल्याला तो नाही. “माझ्या डोळ्यांत उजेड आत जातानाच अडतो, त्यांच्यात बाहेर येताना दुप्पट होतो,” असं म्हणून ते बराच वेळ वरणभात कालवत राहिले.

एकदा आजोबाची गोष्ट सांगितली. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. वर काढला तेव्हा तो इतका शांत होता की बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं नाव आजोबा ठेवलं. गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. तो तिथे थांबला नाही. महामार्ग, रेल्वेचे रूळ ओलांडत, रात्री चालत आणि दिवसा दडत, शंभराहून अधिक किलोमीटर तोडून तो आमच्या या जंगलापर्यंत आला. वाटेत वसईची खाडीही होती. ती पोहून. वाटेत कुणाला ओरखडाही नाही. २०११ च्या डिसेंबरात अहमदाबाद महामार्गावर एका गाडीने त्याला उडवलं.

“इतके रस्ते ओलांडले,” हे म्हणाले, आणि पुढे बोलले नाहीत. तेव्हापासून आरेत मी तीसच्या वर जात नाही. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

भाताच्या वासाचंही त्यांनी शोधून काढलं आणि तो त्यांचा विजयाचा दिवस होता. बासमतीला ज्या द्रव्यामुळे वास असतो तेच वाघाच्या हद्द आखायच्या फवाऱ्यात असतं, हे कलकत्त्याच्या रतनलाल ब्रह्मचारी यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, १९९० साली. “बघ! मला आधी कळला होता. तू नंतर पाहिलास.” मी म्हटलं, अहो, ते वाघाचं आहे, आणि मागच्या सीटवर दोन वाट्या आंबेमोहोर होता, झाकण सैल होतं. हा वाद मिटलेला नाही. मिटू नये असंही मला वाटतं.

डिसेंबरात ह्यांनी एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, जानेवारीत दुसऱ्याचं. कशामुळे ते विचारलं तर म्हणतात, विम्याचं वर्ष संपत होतं. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा काय पाहिलंत असं मुलाने विचारलं, तर म्हणाले, तुझ्या आईचे केस इतके पांढरे झालेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर आम्ही तीन-चारदा मुद्दाम उशिरा, त्याच रस्त्याने आलो. गाड्या थांबवून गवतात टॉर्च मारत बसलेले हौशे दिसले, दोनदा. ते पाहून मी डिप्पर मारत निघून गेले. बिबट्या दिसला नाही. एकदा खांबावरच्या तारेवरून सावकाश जाणारं उदमांजर दिसलं. हे दोन्ही डोळ्यांनी ते बघत राहिले आणि मला काही विचारलं नाही. मला ते जरा चुकल्यासारखं वाटलं.

परवाच्या कोजागिरीला वन्संच्या गच्चीवर पुन्हा ती गोष्ट झाली. “पोळीला तूप लावून भाजल्यावर होतो ना, तसा रंग,” हे सांगत होते. “शेपटीचं टोक खालून पांढरं.” सगळं माझं. मग जांभई. मुलं “आई गं” म्हणाली. मी दूध ढवळत होते, गप्प राहिले, कारण मीही त्यांना सगळं सांगितलेलं नाही.

तो गवतात शिरल्यावर मी गाडी लगेच काढली नाही. पहिल्या डोळ्यांच्या मागे, बरंच खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, दोन बारीक दिवे लागले होते. मग विझले. मग पुन्हा लागले, थोडे पुढे. बिबट्या एकटा हिंडतो. पिल्लू बरोबर असेल तर ती आई. इथपर्यंत मी सगळीकडे “तो” लिहीत आले, ह्यांच्या गोष्टीशी जुळावं म्हणून. ती होती.

त्या वेळी सांगितलं असतं तर ह्यांनी काच वर कर, हॉर्न वाजव, मागे घे, सगळं एकदम सुरू केलं असतं. नंतर सांगू म्हटलं. नंतर जांभई आली, आणि ते राहूनच गेलं.

आता हे वाचतील. चष्मा न लावता.